बारा किलोचं नाणं कोणत्या तोळ्याचं?

हैदराबादच्या निजामाच्या घराण्याकडे एक नाणं होतं. ते खिशात मावत नव्हतं, बटव्यात मावत नव्हतं आणि एका हाताने उचलणंही कठीण होतं. व्यास सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे पोह्यांच्या बशीएवढा. वजन ११,९३५.८ ग्रॅम. हो, ग्रॅमच! जवळजवळ बारा किलो सोन्याचं एकच नाणं. जहांगीर बादशहाच्या काळात, १६१३ साली, आग्र्याच्या टांकसाळीत ते पाडलं गेलं. ते घेऊन कोणी वांगी आणायला जाणार नव्हतं, हे उघड आहे. असली अजस्र नाणी मान म्हणून, भेट म्हणून द्यायची असत. पुढे ते हैदराबादला निजामांकडे आलं, आणि १९८७ साली थेट स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाच्या लिलावात उभं राहिलं. आपल्याकडे खळबळ उडाली, तपासही सुरू झाला. पण ती गोष्ट पोलिसांची. आपली गोष्ट वजनाची आहे.

या नाण्याला म्हणतात हजार मोहरांचं नाणं. आता वही-पेन्सिल घ्या. ११,९३५.८ ला १००० ने भागा. दशांशचिन्ह तीन घरं सरकवलं की काम झालं: ११.९३५८ ग्रॅम. म्हणजे एक मोहर साधारण ११.९४ ग्रॅमची असणार, बरोबर?

चूक! जहांगीराचे वडील, म्हणजे अकबर, यांची साधी गोल मोहर आज संग्रहालयातल्या काट्यावर ठेवली तर १०.९ ग्रॅमच्या आसपास भरते. जहांगीराच्या या सुमाराच्या साध्या मोहराही तेवढ्याच. मग प्रत्येक मोहरेमागे हा जादा ग्रॅम आला कुठून? हजार मोहरांमागे एक किलो सोनं जास्त. बादशहा एवढा उदार होता, की सोनाराचा काटा बिघडला होता?

दोन्ही नाही. इथे आपल्याला पणजीच्या काळचं कोष्टक लागेल. घरातल्या कुणा मोठ्यांना विचारा, ते पाठ म्हणून दाखवतील: आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. जहांगीर आपल्या मोठ्या सोन्याच्या नाण्यांची मोजणी तोळ्यांत करायचा. त्याच्या आठवणींच्या पुस्तकात शंभर तोळ्यांच्या नाण्याला ‘नूरशाही’ असं ऐटदार नावही दिलेलं आहे. तेव्हा आपल्या बारा किलोवाल्या नाण्यातले हजार म्हणजे हजार साध्या मोहरा नव्हेत, हजार तोळे. मुघलांचा तोळा ११.९४ ग्रॅमचा.

असं मी म्हणतो म्हणून मानू नका. पडताळून बघू. अकबराच्या दरबारात अबुल फजल नावाचा विद्वान होता. राज्यात हत्ती किती खातो इथपासून ते आंबा कसा पिकवावा इथपर्यंत सगळं लिहून ठेवायची त्याला हौस. त्याने ‘आईन-ए-अकबरी’त नाण्यांची वजनंही लिहिली आहेत: गोल मोहर ११ माशांची, रुपया साडेअकरा माशांचा. आता आपल्या ११.९३५८ ला १२ ने भागा. मासा निघाला ०.९९५ ग्रॅम, जवळपास एक ग्रॅमच. त्याला ११ ने गुणलं की १०.९४. साडेअकराने गुणलं की ११.४४. आणि अकबराचा न झिजलेला रुपया काट्यावर किती भरतो? ११.४ च्या आसपास! एक अजस्र नाणं, एक पुस्तक आणि दोन छोटी नाणी यांनी एकच साक्ष दिली. मला तर अशा वेळी गणिताला टाळी द्यावीशी वाटते.

आता सापळा कुठे आहे ते बघा. तोळा किती ग्रॅमचा असं कोणत्याही जुन्या कोष्टकात शोधलंत तर उत्तर मिळेल ११.६६. आणि तुम्ही ‘हजार तोळे’ हे शब्द वाचून मोठ्या विश्वासाने गुणाकार केलात, तर येतील ११,६६४ ग्रॅम. बादशहाचं सुमारे २७२ ग्रॅम सोनं तुम्ही पाव मिनिटात गायब केलंत!

हा ११.६६ चा तोळा इंग्रजांचा. त्यांच्या देशात सगळ्यात लहान वजन होतं ग्रेन, मुळात बार्लीच्या दाण्यावरून आलेलं. १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीने ठरवून टाकलं की तोळा म्हणजे १८० ग्रेन. १८३५ साली रुपयाही बरोबर तेवढ्याच वजनाचा केला. एक ग्रेन म्हणजे ०.०६४७९८९१ ग्रॅम. १८० ने गुणा, ११.६६३८०३८ येतात. स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये वजन-मापांचा कायदा करून शेर-तोळ्यांना निरोप दिला आणि ग्रॅम-किलो आणले, तेव्हाही तोळ्याचा हिशेब हाच धरला, दशांशानंतरचे सातही आकडे धरून. आणि आज महाराष्ट्रातल्या सराफाकडे जाऊन ‘एक तोळा’ म्हणा. तो १० ग्रॅमचा भाव सांगेल. झाले की नाही तीन तोळे? मुघलांचा ११.९४, कंपनीचा ११.६६, सराफाचा १०. नाव एक, वजनं तीन.

तोळा डुगडुगतो, तर मग त्याच्या पायाशी असलेल्या गुंजेकडे जाऊ या. गुंज म्हणजे एका वेलीचं बी. लालभडक, आणि डोक्यावर काळा टिळा. हैदराबादेत तेलुगू बोलणारे तुमचे मित्र तिला गुरिविंद म्हणतात, हिंदी-उर्दूवाले रत्ती म्हणतात. वजन साधारण ०.१२ ग्रॅम. एकेक बी तोललंत तर कमी-जास्त भरेल, पण मूठभर घेऊन सरासरी काढलीत तर ती बऱ्यापैकी टिकते. टणक, न कुजणारं, फुकट मिळणारं वजन. सोनारांना आणखी काय हवं?

थांबा, एक गोष्ट ठळक अक्षरांत असल्यासारखी वाचा. गुंज दिसायला मण्यासारखी असली तरी तिच्या आत जबरदस्त विष असतं. ती चावायची नाही, फोडायची नाही, भोक पाडून ओवायची नाही, आणि लहान भावंडांच्या हाती तर मुळीच द्यायची नाही. आपल्याला तिच्याशी फक्त कागदावर मैत्री करायची आहे.

कागदावर करू या. मुघलांच्या तोळ्याला ९६ ने भागलं तर गुंज ०.१२४ ग्रॅम. कंपनीच्या तोळ्याला भागलं तर ०.१२१५. आणखी मागे जाऊ, पार अडीच हजार वर्षं. तेव्हा चांदीचे वेडेवाकडे तुकडे कापून त्यांवर सूर्य, झाडं, डोंगर असे छोटे ठसे मारत. त्यांना आहत नाणी म्हणतात. गोदावरीच्या काठी, तेलंगणातल्या कोटिलिंगाला या गावी ती सापडली आहेत. तिथेच सातवाहनांचा पहिला राजा सिमुक याची नाणीही निघाली, म्हणजे सातवाहनांची राजधानी असलेल्या आपल्या पैठणशी या जागेचं नातं फक्त नदीचं नाही. तर या आहत नाण्याचं, कार्षापणाचं, ग्रंथांत दिलेलं वजन आहे ३२ रत्ती. प्रत्यक्षात बरीचशी नाणी ३.४ ग्रॅमच्या आसपास भरतात. भागाकार करा. गुंज ०.१०६!

बी दोन हजार वर्षांत लठ्ठ झालं का? नाही हो. वेल तीच आहे. पण प्रत्येक राजवटीने ‘आमची गुंज एवढी’ असं ठरवून त्याची दगडी किंवा धातूची वजनं बनवली. बी राहिलं फक्त नावापुरतं. शिवाय सापडलेली नाणी झिजलेली असतात, त्याकडे आपण थोड्या वेळाने येऊच.

आणि कधीकधी एकाच काळात, एकाच शहरात दोन रत्ती असत. त्यातून झालेला घोटाळा तर भलताच मोठा आहे. हैदराबाद शहर वसायच्या आधीपासून शेजारचा गोवळकोंडा किल्ला हिऱ्यांच्या बाजारासाठी जगभर प्रसिद्ध होता. तिथे तावेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या यायचा. १६६५ साली औरंगजेबाने त्याला आपले हिरे हातात घेऊन पाहू दिले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या हिऱ्याचं वजन त्याने लिहिलं: ३१९.५ रत्ती. मग त्याने युरोपातल्या वाचकांसाठी ते कॅरटमध्ये बदललं. त्याची रत्ती होती पाऊण कॅरटहून थोडी जास्त, नेमकी कॅरटचे सात-अष्टमांश, कारण मोत्या-हिऱ्यांच्या बाजारात तो ती वापरायचा. उत्तर आलं सुमारे २८० कॅरट, म्हणजे आजचे ५७ ग्रॅम.

आता त्याच ३१९.५ ला आपल्या सोनाराच्या गुंजेने गुणा. येतात ३९ ग्रॅमच्या आसपास. सुमारे १८ ग्रॅमचा हिरा गुणाकारात विरघळला! आणि गंमत पुढेच आहे. १५२६ साली आग्र्यात हुमायूनला मिळालेल्या हिऱ्याबद्दल बाबराने लिहिलं होतं, वजन सुमारे आठ मिस्काल. बाबराच्याच कोष्टकात एक मिस्काल म्हणजे ४० रत्ती. आठ चोक बत्तीस, म्हणजे ३२० रत्ती. ३१९.५ आणि ३२०! आणि १८५१ मध्ये लंडनला लोकांनी पाहिलेला कोहिनूर होता १८६ जुन्या कॅरटचा, म्हणजे ३८ ग्रॅमच्या वर. मग बाबराचा हिरा, औरंगजेबाचा हिरा आणि कोहिनूर हे तिन्ही एकच, आणि तावेर्निएने चुकीची रत्ती धरली? काही अभ्यासकांना असं वाटलं. काही म्हणाले, छे, तो हिरा वेगळाच, त्याने पाहिलेला आकारही वेगळा. दीडशे वर्षं हा वाद चालला आहे, आणि त्याच्या मुळाशी एका बीचं वजन आहे.

बरं, हिरे राहू देत. हैदराबादचंच एक गणित मला सगळ्यात आवडतं, आणि ते तुमच्या पणजोबांनी रोज तोंडी सोडवलेलं असणार, विशेषतः ते नांदेड, परभणी, बीड या बाजूचे असतील तर. कारण तो सगळा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि निजामाचं स्वतःचं नाणं होतं. त्याला म्हणत हाली रुपया, किंवा हाली सिक्का. इंग्रज सरकारच्या रुपयाला म्हणत कलदार. नांदेडचा माणूस सोलापूरला माल घ्यायला गेला की हालीचे कलदार करायचे, परत आला की कलदारचे हाली.

हाली रुपया दिसायला देखणा. १९०३ साली सैफाबादला नवी टांकसाळ उभी राहिली आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर चारमिनार आला. नीट पाहिलंत तर चारमिनारच्या कमानीत एक उर्दू अक्षर दिसतं, ‘मीम’, महबूबचं. त्यांच्यानंतरचे उस्मान अली खान, त्यांच्या नाण्यावर त्याच कमानीत ‘ऐन’. म्हणजे राजा बदलला की दारातलं अक्षर बदलायचं, चारमिनार तिथेच. १९५० मध्ये ही टांकसाळ भारत सरकारकडे आली, १९९७ मध्ये काम चेर्लापल्लीला हललं, आणि सैफाबादच्या जुन्या इमारतीत आता नाण्यांचं संग्रहालय आहे. सुट्टीत हैदराबादला गेलात तर बिर्याणीच्या आधी तिकडे जा; बिर्याणीनंतर पाय हलत नाहीत.

तर दर असा ठरलेला होता: १०० कलदार द्या आणि ११६ रुपये, १० आणे, ८ पै हाली घ्या. बापरे! हा आकडा कोणी शोधून काढला? पण जरा उलगडा. बारा पैंचा एक आणा, सोळा आण्यांचा रुपया. ८ पै म्हणजे दोन-तृतीयांश आणा. दहा आणि दोन-तृतीयांश आण्यांना १६ ने भागा, येतात दोन-तृतीयांश रुपया. म्हणजे ११६ आणि दोन-तृतीयांश. आणि ते शंभराच्या बरोबर सात-षष्ठांश आहेत! एवढ्या जंगी आकड्याच्या पोटात इतकंच दडलं होतं: ६ कलदार म्हणजे ७ हाली.

साताला सहाच का? काटा आणू या. हाली रुपया होता एकशे साडेबहात्तर ग्रेनचा. १७२.५ गुणिले ०.०६४८, म्हणजे ११.१८ ग्रॅम. कलदार १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. फरक अर्ध्या ग्रॅमच्या आतच, मग सात-सहा एवढा फरक कसा? कारण नुसतं वजन पुरत नाही, कस बघावा लागतो. हाली रुपयात दर हजार भागांत ८१८ भाग चांदी, बाकी हीण. कलदारात, १९४० पर्यंत, बारा भागांत अकरा भाग चांदी. आता मोजा. एका हालीत ११.१७८ × ०.८१८, म्हणजे ९.१४ ग्रॅम चांदी. एका कलदारात ११.६६४ × ११ ÷ १२, म्हणजे १०.६९ ग्रॅम.

सात हालींची चांदी: ६४.० ग्रॅम.
सहा कलदारांची चांदी: ६४.१५ ग्रॅम.

बघताय ना? सात नाण्यांत मिळून फरक एका चिमटीएवढाही नाही. दर ठरवताना सरकारं इतर दहा गोष्टी बघतात, पण चांदीने आपली बाजू चोख मांडली होती. आणि आण्या-पैचा तो अवजड आकडा ज्याला पाठ होता, त्या किराणा दुकानदाराला यातलं एकही दशांशचिन्ह ठाऊक असायची गरज नव्हती.

आता झिजेकडे येऊ, मघाशी राहिलं होतं. नाणं हजारो हातांतून फिरतं, पिशवीत दुसऱ्या नाण्यांवर घासतं. दर वर्षी त्याची नखाएवढीही नाही, अगदी धुळीएवढी चांदी जाते. मग दोन हजार वर्षांनी सापडलेल्या नाण्याचं मूळ वजन कसं ओळखायचं? हा प्रश्न एका गणितज्ञाने डोक्यात घेतला. दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ साली गोव्यात जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे. १९४० च्या सुमारास त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांच्या साठ्यांवर काम सुरू केलं. इतिहासकार नाण्यावरची चित्रं बघत होते, हे गृहस्थ काटा बघत होते. हजारो नाणी, एकेक करून, मिलिग्रॅमचा हिशेब ठेवत. नुसती जुनीच नव्हेत, बाजारात फिरणारी त्या काळची चालू नाणीही त्यांनी हजारोंनी तोलली, कारण त्यांच्यावर सन छापलेला असतो आणि कोणतं नाणं किती वर्षं फिरलं ते कळतं.

त्यांना दिसलं ते असं. नवी नाणी वजनाला एकमेकांच्या जवळ असतात. जसजशी फिरतात तसतशी सरासरी उतरते आणि नाणी एकमेकांपासून पांगतातही, कारण एखादं नाणं रोज बाजारात जातं तर एखादं वर्षानुवर्षं मडक्यात पडून असतं. आहत नाण्यांवर सन नसतो. पण मागच्या बाजूला बारीक बारीक खुणा असतात, व्यापाऱ्यांनी वेळोवेळी पारखून मारलेल्या. कोसंबींनी या खुणा मोजल्या आणि वजनाशेजारी मांडल्या. जितक्या खुणा जास्त, तितकं वजन कमी! नाणं किती फिरलं याचं घड्याळच त्यांना सापडलं. मग उलटं जाऊन, एकही खूण नसलेलं नाणं टांकसाळीतून किती वजनाचं निघालं असेल, याचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच एका नाण्याचं वजन बघून कोणी ‘प्राचीन रत्ती एवढी’ म्हणालं, तर नाणेशास्त्राचे लोक त्याच्याकडे दयेने बघतात. ते विचारतात, किती नाणी तोललीस?

तुम्हीही तोला. १९५० च्या दशकातला रुपया निकेलचा होता, पण वजन कलदाराचंच ठेवलं होतं, ११.६६ ग्रॅम. १९६२ पासूनचा १० ग्रॅमचा. १९७५ चा ८ ग्रॅमचा. १९८३ चा ६. १९९२ चा ४.८५. आणि २०११ साली आलेला स्टीलचा रुपया, ३.७९ ग्रॅमचा. घरात स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर एकच रुपया ठेवू नका, तो ४ दाखवून गप्प बसेल. २०११ ते २०१८ या सनांचे वीस रुपये एकदम ठेवा, ७६ ग्रॅमच्या आसपास येतील, मग विसाने भागा. कोसंबींचीच युक्ती आहे.

आता शेवटचं गणित तुमच्यासाठी. हा ३.७९ ग्रॅमचा रुपया किती गुंजांचा? कंपनीची गुंज घ्या, ०.१२१५. मी करून पाहिलं, उत्तर ३१ च्या किंचित वर आलं. आणि अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या कार्षापणाचं वजन ग्रंथांत किती रत्ती दिलं होतं, ते वर जाऊन पुन्हा एकदा बघा.